वहिवाटीचे गणित

आपल्या महसुली मराठीत 'वहिवाट' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. गावच्या नकाशावर रस्ता नसतो. पण पिढ्यान्‌पिढ्या माणसे एकाच बांधावरून शेतावर जातात, गाड्या नेतात, गुरे हाकतात. उद्या कोणी तेथे कुंपण घातले, तर १९०६ सालच्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याचा आधार घेऊन ती वाट मोकळी करून मागता येते. असा दावा चालविताना नुसता नकाशा पाहून भागत नाही. लोक कोठून जातात, केव्हापासून जातात, याची चौकशी करावी लागते. कागदाइतकाच, कधीकधी त्याहूनही अधिक, मान तेथे पायांच्या साक्षीला असतो.

संगणकाच्या विद्येतही एक शाखा अशीच पायांची साक्ष काढणारी आहे. यंत्र किती भरवशाचे, याचा निवाडा ते कसे बांधले यावरून करू नये, ते कसे वापरले जाते यावरून करावा, हे तिचे मूळ सूत्र. म्हणून लोक प्रत्यक्ष काय करतात याचे संख्याशास्त्रीय चित्र आधी काढावयाचे, आणि त्या चित्राबरहुकूम खोटे गिऱ्हाईक निर्माण करून यंत्राच्या अंगावर सोडावयाचे. यंत्र तेवढ्याने डगमगले नाही तर त्यावर किती विसंबावे, हे मग आकड्यांत सांगता येते. इंटरनेटवरून तिकिटे काढण्याचे, पैसे भरण्याचे, दाखले मिळविण्याचे दिवस आल्यापासून ही विद्या पोटापाण्याची झाली आहे. तिला मराठीत नाव द्यावयाचे तर मी 'वहिवाटीचे गणित' असे देईन.

या गणिताचा इतिहास सांगताना मुळशी तालुक्यापासून आरंभ करणे कोणास चमत्कारिक वाटेल. पण या एका तालुक्यात दूरच्या लोकांच्या वापराचे गणित आधी मांडून उभे राहिलेले दोन प्रचंड उद्योग आहेत. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या माथ्याशी टाटांचे धरण. पूर्वेकडे, पुण्याला खेटून, हिंजवडी आणि माण या गावांच्या जमिनीवर वसलेली संगणकाची नगरी. दोहोंमध्ये सत्तर-ऐंशी वर्षांचे अंतर आहे. एकाने पाणी अडविले, दुसरीने रस्ते अडविले असे विनोदाने म्हणता येईल. परंतु दोघांचाही मूळ प्रश्न एकच होता : जे लोक येथे राहत नाहीत, ते किती मागतील आणि केव्हा मागतील?

टाटा पॉवर कंपनी १९१९ मध्ये स्थापन झाली ती निळा आणि मुळा या नद्यांचे पाणी अडवून मुंबईस वीज पुरविण्यासाठी. पूर्वेकडे वाहणाऱ्या मुळेचे पाणी बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेस कड्याखाली सोडावयाचे आणि कोकणात भिरा येथे त्यावर जनित्रे फिरवावयाची, अशी ती योजना. भिऱ्याचे वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले. तत्पूर्वी दोन वर्षे, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, मुंबईत विजेवरची पहिली आगगाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास धावली होती. म्हणजे गिऱ्हाईक तयार होते : कापडाच्या गिरण्या, आगगाड्या, आणि संध्याकाळी लागणारे घरोघरचे दिवे.

आता वीजकंपनीला वर्षाचा एकूण खप कळून भागत नाही. वीज कोठारात भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी मागणी होईल त्या क्षणी ती निर्माण करावी लागते. म्हणून कोणत्या घटकेला किती मागणी, याची चढउताराची रेघ कागदावर काढावी लागते. पहाटे ती खाली असते, कचेऱ्या-कारखाने उघडले की चढते, दिवेलागणीला पुन्हा उसळी घेते. सारी यंत्रे त्या सर्वांत उंच टोकाला पुरी पडतील अशी ठेवावी लागतात, मग ते टोक दिवसातून घटकाभरच का येईना. १९९० च्या दशकात भिऱ्याला दीडशे मेगावॉटचा एक संच बसला, तो या गणिताचा मूर्तिमंत नमुना आहे. मागणी ओसरली की तो खालचे पाणी पुन्हा वर चढवितो, आणि मागणीच्या ऐन वेळी तेच पाणी खाली सोडून वीज देतो. कोट्यवधी लोक एकमेकांशी न बोलता ठराविक वेळी बटणे दाबतात, यावर केवढा हा विश्वास!

पण याच योजनेच्या दुसऱ्या टोकाला मोजणीचा वेगळाच प्रकार चालला होता. धरणाखाली पन्नासएक गावे जाणार होती. तेथील मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे प्रभृती मंडळी त्यांच्या पाठीशी उभी राहिली. त्या लढ्याची हकीकत मराठी वाचकांस सर्वस्वी अपरिचित नाही. येथे मला एवढेच सांगावयाचे आहे की जमीन घेताना सरकारने कागद पाहिला. कागदावर पुष्कळशा जमिनी सावकारांच्या नावे होत्या, आणि त्यांतले बरेच सावकार पुण्याचे. मोबदल्याचे बोलणे त्यांच्याशी होऊ शकत होते. जो मावळा त्या खाचरांत भात लावीत होता, डोंगरावरचे गवत कापीत होता, त्याचा वापर खरा होता. पण तो ज्या वहीत लिहिलेला असावयास हवा होता तशी वहीच नव्हती. मुंबईच्या मागणीची रेघ मात्र तासातासाची निघत होती. लढा १९२४ पर्यंत चालला आणि मोडला. पाणी चढले.

*

वीजकंपनीचा प्रश्न आणि टेलिफोन कंपनीचा प्रश्न हे सख्खे भाऊ. गावात हजार टेलिफोन असतील तर एका एक्स्चेंजातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या तारा किती टाकाव्या? हजार टाकल्या तर कंपनीचे दिवाळे. दहा टाकल्या तर गिऱ्हाइकांचे शिव्याशाप. हा प्रश्न गणिताने सोडविला तो डेन्मार्कच्या आग्नेर क्रारुप अर्लांग याने. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत तो १९०८ मध्ये नोकरीस लागला आणि पुढल्याच वर्षी त्याचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. बोलावणी यदृच्छेने येतात, परंतु त्या यदृच्छेलाही नियम आहे; आणि तो कळला की 'शंभर गिऱ्हाइकांतील एकासच लाइन मिळणार नाही' अशी हमी देण्यास किती तारा लागतील, हे सांगता येते. १९१७ मध्ये त्याने दिलेली सूत्रे पुढे जगभरच्या टेलिफोन कंपन्यांनी उचलली, आणि १९४६ मध्ये वाहतूक मोजण्याच्या एककास 'अर्लांग' हेच नाव मिळाले. या माणसाची एक गोष्ट मला फार आवडते. आपली मोजमापे तो कचेरीत बसून घेत नसे. शिडी घेतलेला एक मजूर बरोबर घेऊन तो कोपनहेगनच्या रस्त्यांवरून हिंडे आणि भुयारांत उतरून तारांवरचा भार स्वतः मोजी.

अर्लांगने किती लोक येतील ते सांगितले. आलेला माणूस एकामागून एक काय काय करील, हे सांगण्याची भाषा आली ती रशियातून, आणि तीही कवितेच्या वाटेने. आंद्रेई मार्कोव्ह हा सेंट पीटर्सबर्गचा गणिती मोठा भांडखोर. संभाव्यतेचे नियम परस्परांशी संबंध नसलेल्या घटनांनाच लागू पडतात, असे प्रतिपादणाऱ्या नेक्रासोव्ह नावाच्या गणितज्ञाशी त्याचा वाद होता. त्याचे उत्तर म्हणून मार्कोव्हने २३ जानेवारी १९१३ रोजी विज्ञान अकादमीपुढे एक विलक्षण हिशेब मांडला. पुश्किनच्या 'येव्गेनी ओनेगिन' या काव्यातली पहिली २०,००० अक्षरे त्याने एकेक करून तपासली. त्यांत ८,६३८ स्वर आणि ११,३६२ व्यंजने निघाली. म्हणजे कोठलेही अक्षर उचलले तर ते स्वर असण्याचा संभव शेकडा ४३. परंतु आधीचे अक्षर स्वर असेल तर पुढचे स्वर असण्याचा संभव शेकडा १३ वर उतरतो, आणि आधीचे व्यंजन असेल तर तो ६६ वर चढतो. पुढचे पाऊल आताच्या पावलावर अवलंबून असते, तरीही दीर्घकाळाची सरासरी स्थिर राहते. याला आज 'मार्कोव्ह साखळी' म्हणतात. कवितेतली अक्षरे मोजण्याचा हा खटाटोप पाहून त्या काळी कोणी हसले असतील, तर त्यांना दोष देता येणार नाही.

संगणकाच्या जगात ही दोन्ही अवजारे वापरात आणावयास पुष्कळ काळ जावा लागला. आज्ञावली लिहिणाऱ्यांची दृष्टी बांधकामावरच असे. प्रत्येक भाग तपासा, प्रत्येक फाट्यावरून एकदा तरी जाऊन या, सापडेल तो दोष काढा : अशी पद्धत. ती चुकीची नव्हती, पण तिच्यात एक गृहीत दडलेले होते, ते असे की दोष कमी झाले म्हणजे भरवसा वाढला. १९८४ मध्ये आय.बी.एम.च्या एडवर्ड ॲडम्स याने त्या गृहीतालाच सुरुंग लावला. कंपनीच्या मोठमोठ्या प्रणालींतील दोषांच्या नोंदी त्याने चाळल्या आणि प्रत्येक दोष वापरणाऱ्याच्या वाटेत किती काळाने आडवा येतो, याचा अंदाज काढला. सुमारे एक तृतीयांश दोष असे निघाले की एका यंत्रावर ते दिसण्यास सरासरीने ५,००० वर्षे वापर व्हावा लागेल! उलट अगदी थोडे, शेकडा दोनचार, दोष असे होते की बहुसंख्य लोकांचा बहुतेक त्रास त्यांच्यापासूनच होता. तेव्हा कोणी शंभर दोष शोधून काढले म्हणून त्याची पाठ थोपटावी, तर ते सारे पाच हजार वर्षांच्या जातीचे असू शकतात. माजघरातल्या कोनाड्याची डागडुजी करीत बसावे आणि उंबरठा कुजलाच राहावा, तसे ते होई.

आय.बी.एम.मधलाच हार्लन मिल्स याने यावर तोड काढली. चाचण्या मनाने निवडू नका. गिऱ्हाईक जे ज्या प्रमाणात करते, त्या प्रमाणात चिठ्ठ्या टाकून निवडा. १९८७ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत सविस्तर मांडली. बेल प्रयोगशाळेत जॉन मूसा याच दिशेने चालला होता. टेलिफोनच्या घराण्यातला असल्यामुळे वापराची मोजदाद त्याच्या रक्तातच असावी. १९९३ मधल्या आपल्या लेखात त्याने वापराच्या या प्रमाणपत्रकाला व्यवस्थित रूप दिले : यंत्राकडून कोणकोणती कामे घेतली जातात, आणि प्रत्येकाचा वाटा किती. पुढल्याच वर्षी टेनेसी विद्यापीठातील व्हिटेकर आणि थॉमसन यांनी मार्कोव्हची साखळी आणून या पत्रकाला जोडली. कामांची नुसती यादी नव्हे, एका कामावरून दुसऱ्यावर जाण्याच्या वाटा, आणि प्रत्येक वाटेवर तिच्या वर्दळीचा आकडा. आता चाचणी म्हणजे या वाटांवरून फासे टाकीत केलेली भटकंती झाली.

अशा चाचणीचा मोठा लाभ म्हणजे तिच्या निकालातून पुढची हमी काढता येते. समजा, वापराच्या प्रमाणाने चिठ्ठ्या टाकून ३,००० चाचण्या घेतल्या आणि एकही फसली नाही. दोष मुळीच नाही, असे त्यावरून म्हणता येत नाही. पण संख्याशास्त्राचा एक सुटसुटीत नियम आहे : तीनास चाचण्यांच्या संख्येने भागावे. तीन भागिले तीन हजार, म्हणजे हजारात एक. यंत्र फसण्याचे प्रमाण हजार वेळांत एकाहून अधिक नसावे, असे आपण शेकडा ९५ खात्रीने म्हणू शकतो. दहा हजारांत एक हवे असेल तर तीस हजार चाचण्या घ्या. हिशेब उघड आहे. बाजारातल्या जाहिरातीसारखा मोघम नाही. मात्र त्याला एक अट चिकटलेली आहे, आणि पुढचा सारा इतिहास त्या अटीचाच आहे. चिठ्ठ्यांचे प्रमाण खऱ्या वापरासारखे असले पाहिजे.

*

ते प्रमाण आणावयाचे कोठून? दुकानातून डबा विकत नेलेल्या आज्ञावलीचे गिऱ्हाईक घरी बसून काय करते, हे कारखानदारास कळण्याची सोय नव्हती. वेबने ती सोय आपसूक करून दिली. संकेतस्थळावर आलेल्या माणसाचे प्रत्येक टिचकणे सर्व्हरकडे मागणी म्हणून जाते, आणि सर्व्हर प्रत्येक मागणीची एक ओळ आपल्या वहीत लिहून ठेवतो : कोठून, किती वाजता, कोणते पान, आणि ते दिले की नाही. ही वही मुळात हिशेबासाठी ठेवलेली. पण तिच्यात लोकांच्या पाऊलखुणा पावसाळ्यातल्या पाणंदीवर उमटाव्या तशा उमटत होत्या.

त्या वाचण्याचे काम ज्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने आरंभी केले त्यांत चैतन्य कल्लेपल्ली आणि जेफ टिआन यांचे नाव घ्यावे लागते. अमेरिकेत डल्लासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात त्यांनी तेथील अभियांत्रिकी शाखेच्या संकेतस्थळाच्या वह्या घेतल्या, त्यांतून वापराच्या मार्कोव्ह साखळ्या बांधल्या, आणि त्याच वह्यांतील चुकांच्या नोंदींवरून भरवशाचे माप काढले. त्यांचा निबंध २००१ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला. चुकांपैकी बहुतेक एकाच जातीच्या निघाल्या : मागितलेले पान जागेवर नाही. मोठ्या पांडित्याने तपासावे आणि 'घराचा पत्ता बदलला, पाटी तीच राहिली' एवढेच निष्पन्न व्हावे, यात गंमत आहे. पण लोकांचा खरा त्रास तोच होता.

एखादे कल्पित उदाहरण घेऊ. समजा, उताऱ्यांच्या संकेतस्थळाची वही आपल्या हाती आली आहे. पहिल्या पानावर आलेल्या शंभरांतले ऐंशी जण जिल्हा निवडतात, बाकीचे निघून जातात. गट क्रमांक घालण्याच्या पानावरून सत्तर जण पुढे जातात, वीस जण नावाने शोधू पाहतात, दहा मागे फिरतात. उतारा दिसल्यावर अर्धेअधिक तोच पुन्हा मागतात, कारण पहिल्यांदा तो छापला गेला नाही. हे शेवटचे वर्तन बांधणाऱ्याच्या स्वप्नातही नसते; त्याच्या आराखड्यात माणूस उतारा घेतो आणि आभार मानून जातो. म्हणून या साखळीवरून चालणारी खोटी माणसे खऱ्या माणसांसारखीच मागे फिरतात, दोनदा दाबतात, मध्येच सोडून जातात. दोन टिचकण्यांमधला विचाराचा अवकाशसुद्धा वहीतून मोजून त्यांना दिलेला असतो. अशी दहा हजार माणसे एका वेळी सोडली म्हणजे सर्व्हरची परीक्षा होते.

हे काम आज हिंजवडीत चालते. नव्वदीच्या अखेरीपासून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी, माण, मारुंजी या बाजूंच्या जमिनींवर राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसविले. इन्फोसिस, विप्रो, टी.सी.एस., कॉग्निझंट अशा कंपन्यांची मोठमोठी आवारे तेथे उभी राहिली. जेथे एकेकाळी भाताची खाचरे होती, तेथे बसून मुलेमुली परदेशच्या बँकांचे, विमा कंपन्यांचे, विमानांच्या तिकिटांचे व्यवहार तपासतात. शिकागोचे गिऱ्हाईक नाताळच्या आधल्या आठवड्यात काय करील, याची साखळी मुळशी तालुक्यात बांधली जाते. भिऱ्याच्या जनित्रांप्रमाणेच येथेही सरासरीला किंमत नाही. सारा डोळा त्या वर्षातल्या एका उंच टोकावर. दूरच्या रहदारीचे असे बारीक गणित करणारी ही मंडळी रोज सकाळी वाकडच्या पुलापासून आपल्या कचेरीच्या दारापर्यंत तासतासभर खोळंबून असतात, हा दैवदुर्विलास. कंपन्या येणार, माणसे येणार, सारी एकाच वेळी येणार, हे कळावयास अर्लांगची गरज नव्हती.

*

वहिवाट मोजता येते ती जुनी. नव्या वाटेवर लोक कसे चालतील, याची वही कोठून आणणार? अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्यविम्याचे सरकारी संकेतस्थळ उघडले. एका वेळी पन्नास-साठ हजार लोक येतील असे धरले होते. आले अडीच लाख. परंतु संख्येइतकाच घोटाळा वाटेचा होता. लोक आधी विम्याचे दर पाहतील, मग ज्यास घ्यावयाचे तोच खाते उघडील, ही साहजिक रीत. उघडण्यापूर्वी थोडेच दिवस ती बदलली, आणि नुसते दर पाहावयाचे तरी आधी खाते उघडणे भाग पडले. बाजारात फिरावयास आलेल्या साऱ्या गर्दीला एकाच चिंचोळ्या दारातून काढल्यासारखे झाले. पहिल्या दिवशी विमा घेण्याचे काम पुरे करू शकलेल्यांची संख्या नंतर उघड झाली : सहा.

आपल्याकडचे ताजे उदाहरण अकरावीच्या प्रवेशाचे. मुंबई महानगर, पुणे आणि पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती या शहरी भागांत हे प्रवेश अनेक वर्षे केंद्रीय पद्धतीने, ऑनलाइन होत होते. त्या मुलांची वहिवाट ठाऊक झालेली होती. २०२५ मध्ये तीच पद्धत प्रथमच साऱ्या राज्यास लागू झाली. मुळशीसारख्या तालुक्यांच्या गावांतली कनिष्ठ महाविद्यालये, जी तोपर्यंत महापालिकांच्या हद्दीबाहेर म्हणून या पद्धतीच्याही बाहेर होती, ती त्यात आली. २१ मे रोजी नोंदणीचा मुहूर्त होता. त्याच दिवशी संकेतस्थळ कोसळले, आणि नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली. दहावीच्या निकालानंतरची मुले आणि त्यांचे पालक काय करतात, हे महाराष्ट्रातला कोणीही मास्तर सांगू शकेल : घड्याळात अकरा वाजले की सारी एकदम दाबतात, आणि पान उघडले नाही तर उघडेपर्यंत दाबीत राहतात. पान न उघडण्याने मागणी घटत नाही, चौपट होते.

तथापि कोसळणे हे अपयश निदान दिसते तरी. याहून अवघड प्रकार २०२१ च्या उन्हाळ्यात घडला. लस घेण्यासाठी १८ ते ४४ वयाच्या लोकांची नोंदणी २८ एप्रिलला दुपारी चार वाजता कोविन या संकेतस्थळावर उघडली. प्रथम काही मिनिटे ते अडखळले, मग सावरले. पहिल्याच दिवशी सव्वा कोटीहून अधिक नोंदण्या झाल्या. एवढा भार पेलणे ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि ते बांधणाऱ्यांस त्याचे श्रेय दिले पाहिजे. परंतु पुढे झाले असे की शहरांतली चपळ मंडळी जवळच्या तालुक्यांतल्या केंद्रांवरच्या जागा मिनिटभरात राखून टाकीत आणि मोटारीतून जाऊन लस घेऊन येत. आपल्याच गावच्या आरोग्य केंद्राच्या दारात गावकरी मात्र रिकाम्या हाताने उभे. अशा तक्रारी त्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांतून आल्या. पुढे केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची मुभा द्यावी लागली, आणि ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयानेही आपल्या आदेशात या डिजिटल दरीवर बोट ठेवले.

या गावकऱ्यांच्या बाबतीत यंत्र फसले होते काय? सर्व्हरची वही काढून पाहिली तर तिच्यात चूक सापडणार नाही. मागणी आली, जागा दिली गेली, संदेश पोचला. ओळीमागून ओळ निर्दोष. ज्याच्यापाशी स्मार्टफोन नव्हता, ज्याचा ओटीपी येईपर्यंत जागा संपल्या, ज्याने पोराच्या पुण्याहून येण्याची वाट पाहिली, त्याची मागणी सर्व्हरपर्यंत आलीच नाही, किंवा आली ती अर्धवट सोडून दिलेली भेट म्हणून. मार्कोव्हच्या साखळीत अशा भेटीचा अर्थ 'निघून गेला' एवढाच लागतो. कंटाळून गेला की रेंज गेली म्हणून गेला, हे वहीला कळत नाही. आणि पुढच्या वर्षीच्या चाचणीचे प्रमाण याच वहीतून काढावयाचे असल्यामुळे जो यंदा पोचला नाही त्याचा वाटा पुढल्या खेपेस शून्य धरला जातो. यंत्र मग त्याच्यावाचूनच्या जगासाठी अधिकाधिक भरवशाचे होत जाते. १९२१ च्या मोजणीतही मुंबईच्या दिव्यांचा हिशेब चुकला नव्हता.

या विद्येचे जाणकार हे ओळखून नव्हते असे नाही. मूसानेच बजावून ठेवले होते की क्वचित घडणारे पण घडले तर अनर्थ करणारे काम असेल, त्याला नुसत्या प्रमाणावर सोडू नये, त्याचा वाटा जाणून वाढवावा. अणुभट्टी बंद करण्याची कळ वर्षातून एकदाही दाबली जात नाही, म्हणून तिची चाचणी शून्य वेळा घ्यावी असे कोणी म्हणत नाही. अनर्थ कोणाचा, हा प्रश्न मात्र तो गणितज्ञांवर सोडू शकत नव्हता.

हिंजवडीतल्या टेस्टरांच्या हाती आता अशी अवजारे आहेत की खोट्या गिऱ्हाइकाची जोडणी मुद्दाम मंद करता येते, अर्ज भरता भरता ती तोडता येते, जुन्या फोनचे सोंग आणता येते, ओटीपी उशिरा पोचविता येतो. हिंजवडीहून पौडमार्गे ताम्हिणीच्या घाटाकडे निघाले की ज्या क्रमाने फोनवरच्या रेघा कमी होत जातात, तो क्रमसुद्धा चाचणीत घालता येईल. अवजारांची वाण नाही. फक्त अशा गिऱ्हाइकांचा वाटा शेकडा किती धरावा, हे कोठल्याच सर्व्हरच्या वहीतून निघत नाही. अर्लांगसारखी शिडी घेऊन कोणीतरी तेथवर जाऊन तो मोजून आणावा लागतो, नाहीतर बैठकीत बसून हाताने लिहावा लागतो. हाताने लिहावयाची वेळ आली की आकडा दोन लिहावा की वीस, यावर वाद होतो. कारण वीस लिहिले तर सर्व्हर वाढवावे लागतात, आणि त्यांचे बिल गिऱ्हाईक कंपनीच्या नावे फाटते.